कामाची पुस्तकं : वाचनालयात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं वाचनालय मोंढ्याला, म्हणजे धान्याच्या बाजाराला, लागून आहे. हमाल, मापाडी, अडतीवरचे दिवाणजी, शाळेतले गुरुजी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं असे सगळे इथं येतात. "आपल्या कामाधंद्याबद्दल काही वाचायला आहे का?" असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. पुस्तकं देता-घेता उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अपुरं पडतं, म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं लिहून ठेवली आहेत. मराठवाड्यातल्या पुस्तकांना जास्त जागा दिली आहे, ती मुद्दाम.

कामाचं पुस्तक म्हणजे नेमकं कोणतं?

ज्यात काम होताना दिसतं, ते. पुष्कळ कादंबऱ्यांत नायक सकाळी ऑफिसला जातो आणि पुढच्याच परिच्छेदात घरी परततो. मधले आठ तास लेखकानं पाहिलेलेच नसतात. ज्या पुस्तकात हे तास सापडतात, ते आम्ही या कपाटात ठेवतो. ते आत्मकथन असेल, कथासंग्रह असेल, कवितासंग्रहही असेल. पुस्तक हातात घेतलं की काही गोष्टी शोधाव्यात. हे काम या माणसाच्या वाट्याला आलं कसं? मोबदला किती, आणि तो पैशात की दाण्यात? संध्याकाळी अंगाचं काय होतं? काम बंद पडलं तर चूल किती दिवस पेटेल? यातल्या दोन-तीन प्रश्नांना तरी पुस्तकानं उत्तर दिलं पाहिजे.

यशाची सूत्रं, वेळेचं नियोजन, श्रीमंत कसं व्हावं, ही पुस्तकं यात धरत नाहीत का?

ती वेगळ्या कपाटात आहेत, आणि भरपूर वाचली जातात. ज्याला दुकान टाकायचंय किंवा हिशेब ठेवायला शिकायचंय, त्यानं ती जरूर न्यावीत. पण त्या पुस्तकांत मेहनत आणि फळ यांचं नातं सरळ असतं. आपल्याकडे पावसानं महिनाभर दडी मारली की ते नातं तुटतं, आणि मोंढ्यात सोयाबीनचा भाव पडला की पुन्हा तुटतं. बापानं कष्ट कमी केले म्हणून तो कर्जात गेला, असं कुठल्या पोराला वाटत असेल तर त्यानं आधी या कपाटातलं एखादं पुस्तक वाचावं.

सुरुवात कोणत्या पुस्तकानं करू?

रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'नं. लातूर जिल्ह्यातल्या काटगावात जन्मलेल्या या लेखकाची ही कादंबरी १९७१ सालची आहे. गंगाराम हा गावातला शिंपी, आणि त्याची बायको पारबती ही सगळी गोष्ट स्वतःच्या तोंडानं, आपल्या भागाच्या बोलीत सांगते. गावातल्या गढीशी, म्हणजे बड्या घराशी, बिनसल्यावर शिलाईवर चाललेला संसार कसा विस्कटत जातो, हे तिच्याकडून ऐकायला मिळतं. कारागिराचं पोट गावाच्या मर्जीवर किती अवलंबून असतं, हे मला या पुस्तकाइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसलेलं नाही. हात कितीही कसबी असला तरी गिऱ्हाईक वळवणारा माणूस वेगळाच असतो.

'पाचोळा' संपलं की लगेच देविदास सौदागर यांचं 'उसवण' घ्या. हे लेखक तुळजापूरचे. त्यांनी स्वतः शिवणकाम करून घर चालवलं आहे. या कादंबरीला २०२४ सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. इथलाही नायक शिंपीच आहे, पण त्याच्यावर गढी कोपलेली नाही. त्याचं गिऱ्हाईक तयार कपड्यांनी नेलं. बाजारपेठेत टांगलेली पॅंट शिलाईच्या दरापेक्षा स्वस्त मिळायला लागली, की मशीनवर बसलेल्या माणसानं भांडायचं कुणाशी? गंगारामला निदान आपला वैरी कोण हे माहीत होतं.

ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचायचा मी आग्रह धरतो. दोघेही शिंपी, मुलूख तोच, आणि मध्ये पन्नासेक वर्षं. एवढ्या काळात गावातल्या कारागिराची कोंडी कशी बदलत गेली, हे या दोन कादंबऱ्या मिळून सांगतात. एका वाचकानं ही जोडी परत करताना विचारलं, "आता सुताराचं द्या, लोहाराचं द्या." मागणी अगदी रास्त होती.

शेतीवर तर ढीगभर लिहिलंय. त्यातलं काम दाखवणारं कोणतं?

शेतीवरच्या लिखाणात निसर्ग फार आणि काम कमी, ही तक्रार खरी आहे. काही नावं मात्र डोळे झाकून घ्यावीत.

भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा बऱ्याच जणांनी शाळेत वाचलेली असते. ती आता पुन्हा वाचा. टोमॅटो बाजारात नेले, भाव मातीमोल झाला, आणि बापानं स्वतःच्या हातानं पिकवलेला माल भर बाजारात पायांखाली तुडवला. पोरगा ते बघतो. शाळेत असताना आपण त्या पोराच्या जागी असतो. पुढं स्वतः माल घेऊन मोंढ्यात उभं राहण्याची वेळ आली की तीच कथा बापाच्या बाजूनं कळते. चंदनशिव कळंब तालुक्यातल्या हासेगावचे. त्यांच्या इतर कथांमध्येही शेतकरी आणि बाजार यांचा हिशेब असाच उघडा मांडलेला आहे.

परभणीचे पत्रकार आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावातली सत्ता कुणाच्या हातात आहे आणि राबणाऱ्या माणसावर ती कशी चालते, हे त्यांच्या दीर्घ कथांतून हळूहळू उलगडतं. घाईत वाचायचं हे पुस्तक नाही. 'इडा पिडा टळो' हा त्यांचा आधीचा संग्रह. तोही आमच्याकडे आहे.

सालगड्याबद्दल वाचायचं असेल तर आनंद यादव यांचं 'गोतावळा' घ्या. ते कागलकडचं आहे, भाषा कोल्हापुरी आहे, तरी गुढीपाडव्याला साल धरणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला त्यात परकं काही वाटणार नाही. नारबा हा मळ्यातला गडी. मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरं एकेक करून दावणीवरून जातात. ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही, त्याचा त्या रानावर आणि गुरांवर किती जीव असतो, आणि त्या जिवाला व्यवहारात किंमत कशी नसते, ते यात आहे.

सगळ्यांच्या आधीचं पुस्तक महात्मा फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड'. लिहिलं गेलं १८८३ साली. शेतकऱ्याच्या घामातला वाटा कोण कोण नेतं, याची ती मांडणी आहे. भाषा जुनी असली तरी दहा पानांत कान सरावतो.

कवितेत इंद्रजित भालेराव यांचं 'पीकपाणी' आणि ना. धों. महानोर यांच्या 'रानातल्या कविता' ही दोन पुस्तकं. दोघांनीही शेत जवळून पाहिलेलं आहे. महानोर तर अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या पळसखेडला स्वतः शेती करत. तरी या दोघांत फरक आहे. महानोरांच्या कवितेत रानाचा उत्सव आधी दिसतो, भालेरावांच्या कवितेत माणसाचं कंबरडं.

ऊसतोड कामगारांवर काय वाचावं? आमच्या घरचेच दरवर्षी जातात.

हा प्रश्न बीड, पाटोदा, केज, धारूर, वडवणीकडची पोरं विचारतात, आणि त्याचं उत्तर देताना मला समाधान वाटत नाही. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि थेट कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आणि हंगाम संपल्यावरही ती फिटलेली नसते. पाचटाची कोप, अंधारात सुरू होणारा फड, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणं, वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, विकून हाती येणारे चार पैसे. लाखो माणसं हे जगतात. जितकी माणसं या कामात आहेत, त्या मानानं पुस्तकांत ती फारच थोडी दिसतात.

म्हणून आम्ही वर्तमानपत्रांतल्या कात्रणांची एक फाईल ठेवली आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या काळातल्या बातम्या आणि लेख त्या फाईलमध्ये आहेत. पाळी आली की खाडा होतो आणि खाड्याचा दंड पडतो, हे ज्या कामाचं गणित आहे, ते बाईच्या शरीरापर्यंत कसं पोचतं, हे त्या कात्रणांत वाचायला मिळतं. ज्यांच्या घरचे फडावर जातात त्यांनी ती फाईल तर वाचावीच, पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही नीट वाचावं.

दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथनं तुम्ही या कपाटात ठेवता. त्यानं त्यांचं महत्त्व कमी होत नाही का?

हा आक्षेप एका प्राध्यापकांनी घेतला होता आणि तो विचार करण्यासारखा आहे. ही पुस्तकं जातीच्या अन्यायाबद्दलची आहेत, त्यांना 'कामाची पुस्तकं' म्हटलं की अन्याय झाकला जातो, असं त्यांचं म्हणणं. मला उलट वाटतं. जात दिसते कुठे? पाणवठ्यावर दिसते, स्मशानात दिसते, आणि सगळ्यात जास्त दिसते ती कामाच्या वाटणीत. मेलेलं जनावर कुणी ओढायचं, सांगावा घेऊन कुणी पळायचं, सरपण कुणी फोडायचं, आणि त्याबदल्यात पैसा न देता शिळी भाकर कुणी कुणाच्या पदरात टाकायची, हे जन्मावरून ठरलेलं होतं. दया पवारांच्या आत्मकथनाचं नाव 'बलुतं' आहे. गावकीच्या कामाबद्दल मिळणारा वाटा म्हणजे बलुतं. १९७८ साली ते आलं आणि मराठी आत्मकथनाचा रस्ताच बदलला.

आपल्या मातीतलं म्हणाल तर प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' (१९७९) आधी वाचा. बहिणीच्या आसऱ्याला राहून, पडेल ते काम करत शिकलेल्या पोरक्या मुलाची ही हकिगत आहे. हा मुलगा पुढं औरंगाबादला प्राध्यापक झाला. आवाज कुठेही चढत नाही. एका विद्यार्थ्याच्या दिवसात शाळेआधी आणि शाळेनंतर किती कष्ट मावतात, हे ते मोजत बसत नाहीत, नुसतं सांगत जातात. मला हे पुस्तक जितकं आवडतं तितकं ते वाचलं जात नाही, म्हणून इथं ठळकपणे सांगतो.

दुसरं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या'. लेखक लातूरजवळच्या धनेगावचे. १९८७ सालच्या या पुस्तकाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यातल्या एका घरातली ही गोष्ट. कायदा १९५२ साली गेला तरी शिक्का राहिला. सरळ काम मागायला जावं तर कुणी देत नाही, आणि चोरी केली नाही तरी पोलीस उचलतात. चोरीसुद्धा इथं शिकवला जाणारा, मार खाऊन अंगात मुरवला जाणारा धंदा म्हणून येते. ते वाचताना सोपे निवाडे करता येत नाहीत. पुढं लेखक लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो, ती पानं तर या कपाटासाठीच लिहिल्यासारखी आहेत.

लक्ष्मण माने यांचं 'उपरा' कैकाडी समाजातल्या टोपल्या विणणाऱ्यांबद्दल आहे. शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' गावच्या तराळकीच्या, म्हणजे गावाची वतनी चाकरी करणाऱ्या, घरातून निघून आपल्या मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोचतं. दोन्ही मोठी पुस्तकं आहेत, सवडीनं न्या.

बायकांच्या कामावर कोणती पुस्तकं आहेत?

ऊर्मिला पवार यांचं 'आयदान' (२००३). कोकणातली आई बांबूच्या टोपल्या, सुपं विणते आणि त्यावर मुलं वाढवते. पुढं लेखिका स्वतः सरकारी नोकरी, घर आणि चळवळ अशा तीन आघाड्यांवर राबते. नोकरी करणाऱ्या बायका हे पुस्तक परत आणून देताना बराच वेळ बोलत थांबतात. शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे शिक्षिकेचं आत्मकथन. आणि शेतात राबणाऱ्या बाईवरचं इंद्रजित भालेराव यांचं 'कुळंबिणीची कहाणी'. खुरपणी, वेचणी, सरपण, पाणी, पुन्हा चूल, या सगळ्याला काम म्हणून मान देणारं.

पण बायकांच्या कामाचा सगळ्यात मोठा ग्रंथ बायकांनी कागदावर लिहिलेलाच नाही. तो जात्यावर गायलेला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. या ओव्या आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात. वाचनालयाच्या संगणकावर लावून देतो, फक्त सांगा. दळणाच्या मेहनतीतच ती ओवी जुळत गेली, म्हणून ती ऐकावी. नुसती छापील वाचून तिचा दम लक्षात येत नाही.

कारखान्यातल्या कामगारांवर?

नारायण सुर्वे यांच्या कविता, म्हणजे 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६). जयंत पवार यांचं 'अधांतर' हे नाटक. १९८२ च्या गिरणी संपानंतर एका घराची काय गत झाली, ते त्यात आहे. ही सगळी मुंबई झाली. आपल्याकडे नांदेडच्या उस्मानशाही मिलचा भोंगा ऐकत मोठी झालेली पिढी आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळ्या करणारी, जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्यांपुढं उभी राहणारी, परळीच्या औष्णिक केंद्रात राखेत वावरणारी माणसं आहेत. कंत्राटी कामगार म्हणून सहा-सहा महिन्यांनी गेटबाहेर होणारी पोरं आहेत. यांची मोठी कादंबरी यायला हवी.

शिक्षक, प्राध्यापक, कारकून यांच्यासाठी?

शिक्षकांसाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. प्राध्यापकांसाठी भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव पाटलाच्या चार कादंबऱ्या, 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' या क्रमानं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना किंवा विनाअनुदानितवर वर्षानुवर्षं मान्यतेची वाट पाहणाऱ्यांना त्यात संस्थाचालकांचं जग ओळखीचं वाटेल.

आठवी-नववीच्या मुलांना काय द्यावं?

बाबा भांड यांची 'दशक्रिया'. पैठणच्या घाटावर दशक्रियेच्या वेळी राखेतून नाणी शोधणारा भान्या, आणि त्या विधींवर पोट असलेली माणसं. मृत्यूभोवती किती जणांची रोजीरोटी फिरते, हे मुलाच्या नजरेतून कळतं. चित्रपट पाहिला असला तरी पुस्तक द्या.

बोलीभाषेतली पुस्तकं अवघड जातात. काय करावं?

मोठ्यानं वाचा. शक्यतो घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. अडलेले निम्मे शब्द तेच सांगतील.

मराठीबाहेरचं एखादं?

पी. साईनाथ यांचं 'दुष्काळ आवडे सर्वांना'. त्यात मराठवाड्यातलं एकही गाव नाही, तरी गुत्तेदार, योजना आणि टंचाईची कामं यांचा धागा वाचताना आपलाच तालुका आठवत राहतो. आणि इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी स्टड्स टर्केल या शिकागोच्या लेखकाचं 'वर्किंग' (१९७४). वेट्रेस, पोलाद कामगार, शेतमजूर अशा शंभराहून जास्त लोकांनी आपापल्या कामाबद्दल केलेलं बोलणं त्यानं जसंच्या तसं मांडलं. लेखक बाजूला बसून ऐकतो. मराठीत या धाटणीच्या जवळ जाणारं काम अनिल अवचटांनी केलं. हमाल, तंबाखूच्या वखारीतल्या बायका, यंत्रमागावरचे कामगार यांच्यात जाऊन त्यांनी लिहिलं. 'माणसं' आणि 'धागे आडवे उभे' पाहा.

एमपीएससीची तयारी चालू आहे, वेळ नाही. एकच सांगा.

'आठवणींचे पक्षी'. पान कमी, आणि अभ्यासिकेत दिवे गेले की बोलायला विषय मिळेल.

माझ्या वडिलांच्या कामाबद्दल मला लिहायचं आहे. कसं लिहू?

अलीकडे हा प्रश्न वाढलाय, आणि तो ऐकला की मला फार बरं वाटतं. आधी वही घ्या आणि ऐका. मोबाईलवर आवाज भरून ठेवला तर उत्तम, मात्र त्यांना सांगून. "तुमचं आयुष्य कसं गेलं" असं विचारू नका, माणूस गप्प बसतो. पहिला पगार किती होता ते विचारा. तो कुणाच्या हातात दिला? अवजारं कोणती, कुठून आणली, धार कुठं लावली? हमाल असतील तर पोतं कसं उचलायचं हे कुणी शिकवलं, हमालीचा दर कोण ठरवायचा? सालगडी असतील तर सालात काय काय धरलं जायचं, किती दाणे, किती कपडे, चप्पल मिळायची का? ऊसतोडीला जात असतील तर उचल कोणत्या साली किती होती आणि मुकादम कोणत्या गावचा, हे लिहून काढा. मुकादमाचं नाव छापू नका, गाव आणि साल पुरे. आईला वेगळं बसवून विचारा. वडील समोर असले की ती त्यांचंच सांगते.

एक घाई मात्र करा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, नाल्यांच्या कामावर गेलेली माणसं आज सत्तरीच्या पुढं आहेत. मस्टरवर अंगठा कसा लागायचा, सुकडी कशी वाटायचे, हप्ता किती दिवसांनी व्हायचा, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्या कामांतूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा उभा राहिला. त्याबद्दल शासकीय अहवाल मिळतील, पण खडीच्या ढिगाशेजारी झोळीत झोपवलेल्या लेकराचं त्यात सापडणार नाही.

लिहून झालं की एक झेरॉक्स वाचनालयात आणून द्या. बांधणी आम्ही करून घेतो, आणि ते याच कपाटात लागेल. कागद एका बाजूनं लिहिलेला असावा, डावीकडं दोन बोटं समास सोडावा, म्हणजे शिवताना अक्षरं आत जात नाहीत.